आजोबाच्या पेटीत नवेगाव बांधचा जुना नकाशा भेटला, साल गेलंय. कसं ओळखायचं? नि आमची बोडी (शेताले पाणी देणारं लहान तळं) त्यात आहे!

बोडीकाठचा

राम राम मंडळी. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधपासून फटफटीनं पाऊण तास. मे महिन्यात कवेलू (छपराची कौलं) फेरायले काढले (हो, आमच्या घरावर अजून कवेलू आहेत, हसू नका, पंख्याशिवाय झोप लागते) तं माळ्यावर आजोबाची पत्र्याची पेटी भेटली. आजोबा जंगल ठेकेदाराकडे मुन्शी होते. पेटीत चष्म्याची एक दांडी, दोन दौती, नि घडी घातलेला नकाशा, मागून कापड चिकटवलेलं. उघडला तं खालची पूर्ण पट्टी वाळवीनं खाल्लेली, म्हणजे साल नि किंमत छापलेली असते ती जागाच गेली. वरच्या उजव्या कोपऱ्यात ६४ डी/१ असं इंग्रजीत आहे, डावीकडं अर्धवट शब्द, "...रल प्रॉव्हिन्सेस".

मधात जरा वरच्या अंगाले नवेगावचा तलाव, निळा, पुरीएवढा. भोवती डोंगराच्या तपकिरी रेघा इतक्या दाट की आंगठ्याचा ठसा वाटते. आमचं गाव शोधाले मले अर्धा तास लागला कारण स्पेलिंगच भलतं. पण भेटलं. नि गावाच्या उगवतीले, टेकडीच्या पायथ्याशी, एक निळा ठिपका, एका बाजूनं काळी जाड रेघ, बाजूले "बोरी" लिहिलंय. आज तिथं पाणी नाही. दोन बांध्या (खाचरं) धान निघते नि बाकी सगळं रायमुनिया, म्हणजे घाणेरीचं झुडूप. आजी सांगायची की तिथं म्हशी बसवायचो, पण आमची आजी गोष्टी लय रंगवायची म्हणून कोणी मनावर नाही घेतलं.

आता मुद्दा. यंदा ग्रामसभेत गाळ काढायचा विषय आला, मी म्हटलं त्या जुन्या बोडीचं पण नाव टाका, तं एक जण उभा राहून म्हणे तिथं बोडी होती याला पुरावा काय, सातबाऱ्यावर पडीत लागलं आहे. मी गप बसलो. आता हा कागद हातात आला तं झोप उडाली आहे.

विचारायचं एवढंच की साल कसं काढायचं, नि ठिपक्याच्या बाजूले बारीक "८ आर" असं आहे तो आमचा जुना खसरा नंबर (शेताचा सर्व्हे नंबर) तं नसेल? असेल तं कामच झालं ना भाऊ. नि असा नकाशा घरी ठेवणं गुन्हा वगैरे नाही ना, आमचा मावसभाऊ घाबरवून राहिला.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ फोटो टाक ना आधी, नुसतं वर्णन वाचून पुरी खायची इच्छा झाली. नि फाटायच्या आत लॅमिनेट करून घे, आमच्या अकोल्यात चौकात मोठ्या साइजचं पण करून देतात, दहा मिनिटाचं काम.

---

रेघोट्या

लॅमिनेट करू नको, ते नंतर बोलू.

मी ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो, आता रिटायर, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घे. तुझ्याकडे जे आहे ते सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, गावं दाखवणारं मोजणीच्या नकाशाचं पान. ६४ डी/१ शाबूत राहिलं हे तुझं नशीब, साल गेलं तरी चालतं पण हा आकडा गेला असता तर अवघड होतं. देशाचे ४ अंश बाय ४ अंश असे मोठे चौकोन पाडलेले आहेत, ६४ म्हणजे रेखांश ८० ते ८४ नि अक्षांश २० ते २४. त्याचे १६ तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजत जायचं नि मग पुढच्या रांगेत, म्हणजे डी हा पहिल्या रांगेतला तळाचा. त्याचे पुन्हा १६. म्हणून तुझं पान ८० अंश ते ८० अंश १५ मिनिटं नि २० अंश ४५ मिनिटं ते २१ अंश, एवढंच. नागपूर ५५ ओ/४ वर पडतं. ८० च्या रेघेनं झाडीपट्टीचे (पूर्व विदर्भाचे) दोन तुकडे केलेत त्यामुळे भंडारा-गोंदियाचं काम करताना आम्हाला नेहमी दोन-दोन गठ्ठे काढावे लागायचे नि एक नेमका कोणीतरी नेलेला असायचा.

आता पट्टी घे नि नकाशाच्या चौकटीची उंची मोज, कागदाची नाही, आतल्या चौकटीची. खालची पट्टी गेली म्हणतोस तर वरच्या चौकटीची रुंदी मोज. १६ इंचाच्या आसपास भरली तर एक इंचाला एक मैल, म्हणजे जुनं. साडेवीस इंच भरली तर १:५०,०००, म्हणजे दशमान आल्यानंतरचं. नि डोंगरावरचे उंचीचे आकडे बघ. नवेगावच्या आसपासच्या टेकड्यांवर हजाराच्या वरचे आकडे दिसत असतील तर ते फूट आहेत, मीटर नव्हे, गोंदियात हजार मीटरचा डोंगर कुठून आणायचा.

"८ आर" वर तुझा हिरमोड होणार आहे. तो खसरा नाही. आर म्हणजे रिलेटिव्ह हाइट, पाळ (पाणी अडवणारा मातीचा बांध) आजूबाजूच्या जमिनीपासून किती उंच ते. जुन्या पानावर फुटात, नव्या पानावर मीटरमध्ये. म्हणजे त्या बोडीची पाळ ८ फूट उंच होती असं सर्व्हेवाला लिहून गेला आहे. टोपोशीटवर खसरा नंबर, शेताची हद्द, मालक, यातलं काहीच नसतं.

पण जरा थांबून विचार कर. आठ फुटाची पाळ कोणी उगाच डबक्याला घालत नाही.

---

बोडीकाठचा

काका हिरमोड झाला पण शेवटच्या ओळीनं बरं वाटलं. मोजलं. वरची रुंदी १६ इंच नि वर दोन दोरे. टेकड्यांवर हजाराच्या वर आकडे आहेत म्हणजे फूटच. मले आतापर्यंत वाटे की नवेगावच्या सात बहिणी (त्या सात टेकड्या) कितीक उंच आहेत.

आणखी बघितलं ते सांगतो. गोंदियाची रेल्वे लाइन नकाशात आहे. इटियाडोह धरण नाही!! गाढवी नदी सरळ वाहत गेली आहे नि जिथं आज धरणाचं पाणी आहे तिथं वस्तीचे लाल चौकोन नि धानाची पिवळी जमीन आहे. बाबा नकाशावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसले होते, त्यांच्या मामाचं गाव त्याच अंगाले होतं म्हणते.

मागच्या कापडावर आजोबानं पेन्सिलीनं मोहाचा हिशेब लिहिला आहे, मण नि शेर मध्ये. त्यावरून साल निघेल का?

---

रेघोट्या

मोहाच्या हिशेबावरून नकाशा किमान किती जुना एवढंच म्हणता येईल, तेही सैल. मण-शेर कायद्यानं गेले तरी गावातली माणसं पुढं कित्येक वर्षं त्यातच बोलत होती. नि आजोबांनी जुन्या नकाशावर कधीही लिहिलं असेल.

वरचं नाव जास्त कामाचं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हे नाव २६ जानेवारी १९५० ला गेलं, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण द्विभाषिक मुंबईत, १ मे १९६० ला महाराष्ट्र. छापताना त्या वेळचं नाव टाकतात. म्हणजे तुझं पान १९५० च्या आधी छापलेलं, नि रेल्वे आहे म्हणजे विसाव्या शतकातलं. इटियाडोह १९७० च्या सुमाराचं, ते नसणारच, त्यावरून काही कापता येत नाही. अशा पानांवर चुंबकीय उत्तर दाखवणारा बाण असतो, त्याच्या टिपेत पण एक साल असतं. समासात शोध, वाळवीनं सोडलं असेल तर.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेव, यात भले भले फसतात. छापल्याचं साल वेगळं नि मोजणीचं साल वेगळं. नवीन छपाई झाली तरी आतली मोजणी वीस-पंचवीस वर्षं आधीची असू शकते, अधल्या मधल्या रस्त्यांची दुरुस्ती तेवढी करतात. ग्रामसभेत कोणी उलट विचारलं तर "अमुक साली बोडी होती" असं ठासून सांगू नको, "मध्य प्रांत होता तेव्हाच्या मोजणीत बोडी आहे" एवढं म्हण. तेवढं कोणी खोडू शकणार नाही.

---

हिंगणघाटकर

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही पण राहवत नाही म्हणून लिहितो. त्या नकाशात डोंगरमाथ्यावर कुठं त्रिकोण नि मधात ठिपका दिसला का? तो त्रिकोणमितीचा बिंदू. हे सगळं ज्यानं सुरू केलं तो लॅम्बटन आमच्या गावात गेला. १८०२ मध्ये मद्रासला पहिली बेसलाइन (मोजणीची पायारेघ) मोजली, साखळ्यांनी, नि मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत वर सरकत राहिला, ७८ रेखांशाच्या आसपास, विदर्भातून. नागपूरकडं जाताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटात वारला, कबर इथंच आहे. पुढं एव्हरेस्टनं ते काम मसुरीपर्यंत नेलं, त्याचं नाव शिखराला लागलं नि ज्यानं पाया घातला त्याची कबर दाखवा म्हटलं तर आमच्या गावातला अर्धा माणूस दुसऱ्याला विचारतो. मी स्वतः वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा गेलो, घरापासून पायी वीस मिनिटं.

बाकी चालू द्या.

---

बोडीकाठचा

दादा त्रिकोण आहे! एका डोंगराच्या डोक्यावर, बाजूले आकडा. मले वाटलं तिथं देऊळ असेल.

---

पानवेल

मी नागपूरला एका जुन्या वाचनालयात पुस्तकं-कागद दुरुस्तीचं काम करते, तेव्हा लॅमिनेशनबद्दल मीच बोलते. नको, नको, नको. गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर कोणालाही काढता येत नाही, नि आतला कागद कापडावर खळीनं चिकटवलेला आहे तो उष्णतेनं फुगून येतो. एका काकांनी वडिलांची सनद अशीच लॅमिनेट करून आणली होती, मधोमध फोड आले होते, ते माझ्याकडं बघत राहिले नि मी त्यांच्याकडं.

सेलोटेप पण नाही. फाटलं तिथं फाटलेलं राहू द्या. मऊ ब्रशनं (रंगाचा नवा ब्रश चालतो) वाळवीची माती हळू झाडा, बाहेर अंगणात, घरात नाही. घडी उलगडून एक-दोन दिवस सपाट ठेवा, वर स्वच्छ कागद नि त्यावर पाट. घडीवर ओलं फडकं फिरवायचा मोह होईल, फिरवू नका, जुनी निळी शाई पसरली तर तुमची बोडी खरंच वाहून जाईल. मग दारातल्या सावलीत, फ्लॅश न मारता, वरून सरळ फोटो. पूर्ण पानाचा एक, नि मग चार चार बोटांच्या चौकोनांचे जवळून, एकमेकांवर थोडे चढवून. पुढं सगळीकडं तो फोटोच न्या, मूळ पान घरी.

पेटीत परत ठेवाल तर आधी पेटी उन्हात तापवा, नि जमिनीवर ठेवू नका.

---

वऱ्हाडी_ठेचा

बरं झालं बाप्पा मी कोणाचा जीव घेतला नाही. लॅमिनेटवाला शब्द मागं घेतो.

पण मले एक समजत नाही, एवढी झिगझिग काहाले? गुगलवर वरून बघायचं ना, पाळ असेल तं दिसेल.

---

आडवाटेचा_पोट्टा

दिसते पण नेहमी नाही, रायमुनिया नि बांबू चढला की वरून सगळं एकसारखं हिरवं. मी जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम करतो म्हणून सांगतो, दोन्ही एकावर एक टाकून बघायला पाहिजे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फोटो टाक नि चौकटीचे कोपरे रेखांश-अक्षांशाला बांध. तुझे खालचे कोपरे गेले असतील तर काळजी नाही, समासात दर पाच मिनिटाला खुणा असतात, उभ्या-आडव्या खुणा जिथं छेदतात ते बिंदू धर.

इथं एक गंमत होते. जुना नकाशा एव्हरेस्टच्या मापानं काढलेला, पृथ्वीचा आकारच थोडा वेगळा धरलेला, नि तुझा मोबाईल चालतो डब्ल्यूजीएस ८४ या जगभरच्या मापावर. नुसते आकडे टाकले तर सगळं काहीशे फूट सरकते. म्हणजे नकाशातला बिंदू मोबाईलमध्ये टाकून चालत गेलास तर बोडीऐवजी शेजाऱ्याच्या वावरात उभा राहशील नि तो काठी घेऊन येईल. सॉफ्टवेअरमध्ये "कल्याणपूर" नावानं जी यादी येते त्यातलं निवड, कल्याणपूर म्हणजे मध्य प्रदेशातलं ते ठिकाण जिथून भारताची सगळी मोजणी धरली होती. तरीपण शेवटी न हललेल्या दोन-तीन गोष्टींवर जुळवून घे. रेल्वेचा वळसा, नवेगाव तलावाची पाळ, डोंगराचा तो त्रिकोण. नदी नको धरू, नदी सरकते.

तुलना करायला नवं पान पण घे. सर्व्हे ऑफ इंडियानं २००५ च्या नकाशा धोरणात लोकांसाठी वेगळी ओपन सिरीज काढली नि ती आता ऑनलाइन भेटते. तुझ्या मावसभावाला सांग, बंधनं मुख्यतः सीमेच्या नि समुद्रकिनाऱ्याच्या पानांना होती, २०२१ ला तेही नियम बरेच ढिले केले. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर १९५० च्या दशकातले त्यांच्या आर्मीनं आपल्याच सर्व्हेवरून काढलेले १:२,५०,००० चे नकाशे पण आहेत, फुकट, पण त्यात तुझी बोडी शोधू नको, तेवढ्या स्केलला नवेगावच नखाएवढं होते.

नि "बोरी" वाचून बोराचं झाड शोधत बसू नको. ते बोडीच आहे. इंग्रज ड ला आर लिहायचे, जुन्या गॅझेटियरमध्ये गडचिरोलीच्या ड च्या जागी पण आर आहे.

---

चिवंडा

हे सगळं ठीक आहे पण मी थोडं पाणी टाकतो. माझं आजोळ साकोलीकडं, तलावाच्या भांडणात आमची दोन पिढ्या गेली म्हणून बोलतो. नकाशात बोडी दिसली म्हणजे ती गावाची झाली असं नाही. आपल्याकडं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत साडेसहा हजारावर मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांचे, आईचा भाऊ नाही, पुण्याकडच्या लोकांसाठी लिहून ठेवतो. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ ला तलाव सरकारकडं आले. पण कोणाच्या वावरातली खाजगी बोडी खाजगीच राहिली. सातबाऱ्यावर पडीत असेल तर पडीत कोणाचं, सरकारी की त्या धानवाल्याचं, ते आधी बघ. ग्रामसभेत जो उभा राहून बोलला तोच त्या दोन बांध्या करते काय?

---

बोडीकाठचा

भाऊ तुम्ही ज्योतिषी आहे काय. त्याचा साळा करते.

---

चिवंडा

😄 ज्योतिष नाही, अनुभव. मग तर नकाशा घेऊन भांडायला जाऊच नको. तू एकटा कागद फडकवशील नि ते गावभर सांगतील की याले जमीन पाहिजे. आधी दोन म्हातारे माणसं सोबत घे, शक्यतो त्यातला एक कोहळी नि एक ढिवर. कोहळ्यांनी तलाव बांधले, ढिवरांनी त्यात मासोळी केली, कुठं पाणी होतं हे या दोन घरांएवढं कोणाले माहीत नसते. नवेगावचा तलावच बघ, अकरा चौरस किलोमीटरच्या घरात पाणी, बांधला कोलू पाटील कोहळीनं, अठराव्या शतकात, ना थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) ना टोपोशीट. दोन डोंगरातली फट हेरली नि बुजवली. लोक त्याले कोलासुर देव म्हणून पूजतात ते उगाच नाही.

---

रेघोट्या

चिवंडा यांनी फटीचं छान सांगितलं, तेच नकाशात डोळ्यांनी बघता येतं म्हणून भर घालतो. तपकिरी रेघ म्हणजे एका उंचीची रेघ. एक इंची पानावर साधारण दर ५० फुटाला एक. नवेगावच्या तलावाभोवती बोट फिरव, रेघा तीन बाजूंनी तलावाला कवेत घेतात नि एका जागी तुटतात, तिथं काळी पाळ असेल. तीन बाजू देवानं दिल्या, चौथी माणसानं. तुझ्या बोडीपाशी पण असंच लहान प्रमाणात दिसलं पाहिजे. टेकडीच्या रेघा आत वळून खोलगट इंग्रजी व्ही सारखा आकार करतील नि त्याच्या तोंडाशी पाळ. तसं असेल तर तो ठिपका छपाईचा डाग नाही, पाणी साचायची जागाच आहे, नि आज बुजली तरी पावसाचं पाणी तिथंच येत असणार.

नि ठिपका आतून निळा भरलाय की नुसती काळी कड आहे? भरलेला असेल तर सर्व्हेवाल्यानं पाणी पाहिलं. त्यांचं फिल्डचं काम पावसाळा संपल्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात चालायचं, म्हणजे चिखलातलं पावसाळी डबकं बघून निळं केलं असं म्हणायला जागा कमी.

---

मोहफूल_कुरखेडा

मी गावागावात सामूहिक वनहक्काच्या दाव्यांवर काम करते, म्हणून कागदांचं सांगते. दादा तुमचा नकाशा आधाराचा कागद आहे, मुख्य कागद नाही. मुख्य कागद तुमच्याच तालुक्यात पडलेत. एक, निस्तार पत्रक. आपण मध्य प्रदेशात होतो तेव्हा गावोगाव केलेलं, गुरं कुठं चारायची, पाणी कुठं पाजायचं, सरपण कुठून आणायचं, सगळं खसरा नंबरासकट. दुसरं वाजिब-उल-अर्ज, त्यात तलावाच्या पाण्याचा, मासोळीचा रिवाज लिहिलेला असतो. तिसरं बंदोबस्ताचा (जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाचा) गाव नकाशा, तो १६ इंचाला एक मैल, म्हणजे तुमच्या टोपोशीटच्या सोळापट मोठा, टोपोवर जी बोडी ज्वारीच्या दाण्याएवढी ती त्यात रुपयाहून मोठी दिसते, खसरा नंबर आत लिहिलेला. भूमी अभिलेखमधून नक्कल मागा, पटवाऱ्याकडं (तलाठी म्हणा) नुसतं तोंडी विचारू नका, लेखी अर्ज नि पोच.

बोडी जंगलाच्या हद्दीत येत असेल तर वनहक्क कायद्याच्या नियमातच पुराव्यांच्या यादीत जुने सर्व्हे, गॅझेटियर, नकाशे आहेत, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पण आहे. तिथं तुमचं पान सरळ लावता येते. महसुली जमिनीत असेल तर मग वरचे तीन कागद.

एका ठिकाणी आम्हाला निस्तार पत्रकच नाही म्हणून तीन वेळा परत पाठवलं, चौथ्या वेळी एका म्हाताऱ्या शिपायानं कपाटाच्या वरून काढून दिलं, पंख्याखाली उडू नये म्हणून त्यावर दुसरी फाइल ठेवली होती. म्हणून सांगते, नाही म्हटलं की खाली बसून घ्यायचं.

---

बोडीकाठचा

मंडळी, उशीर झाला, रोवणा (धानाची लावणी) सुरू होता, हाताले चिखल नि मोबाईलले चार्जिंग नाही.

काकांनी सांगितलं तसं भिंग लावून बघितलं. ठिपका आतून निळा भरलेला आहे. रेघा आत वळल्या आहेत, नेमका व्ही, नि त्याच्या तोंडाशी काळी पाळ. चुंबकीय बाणाची टीप वाळवीच्या पोटात गेली आहे, तं साल काही निघालं नाही, मध्य प्रांतावरच भागवतो. पोट्ट्यानं सांगितलं तसं नकाशा मोबाईलवर चढवला, रेल्वे नि नवेगावच्या पाळीवर जुळवला.

मग चिवंडा भाऊंचं ऐकून दोन म्हातारे घेतले, एक कोहळी आबा, एक ढिवर बाबा, नि आम्ही चौघं पोट्टे कोयते घेऊन. ढिवर बाबाले मोबाईल दाखवला तं त्यानं बघितलंच नाही, सरळ चालत गेला नि रायमुनियात एका जागी काठी टेकवली. म्हणे इथं तुडूम (पाणी सोडायचं दार) होता. आम्ही झुडूप तोडलं, हातभर माती काढली, तं घडवलेला दगड लागला, मधात गोल भोक, मूठ जाईल एवढं. त्याच्या खाली दुसरा दगड, त्याले पण भोक. पाणी उतरलं की वरचं भोक बंद, खालचं उघडायचं, बाबानं करून दाखवलं, लाकडाची खुंटी नव्हती तं स्वतःचा आंगठा घातला. पार (आबा पाळीले पारच म्हणते, झाडीत ळ कुठून आणायचा) दोन जागी फुटली आहे, बाकी बरीच उभी आहे. टेपनं मोजली, जिथं शाबूत आहे तिथं सात फूट नि काही बोटं. नकाशात आठ. एक फूट कुठं गेला ते आबाले विचारलं तं म्हणे ऐंशी पावसाळे झाले असतील, तुझ्या बापाचे केस कुठं गेले?

सलंग (जादा पाणी जायची वाट) पण भेटली, टेकडीच्या बाजूनं, खडक कापलेला. पावसाचं पाणी आज पण तिथूनच जाते, त्या साळ्याची खालची बांधी दरवर्षी फुटते ती त्याच्यामुळंच. हे आबानं त्याच्या देखतच सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दगड बघायले वाकला मात्र.

गाव नकाशाच्या नकलेचा नि निस्तार पत्रकाचा अर्ज टाकला, पोच घेतली. साहेब म्हणे रोवणा झाल्यावर या, रेकॉर्ड शोधावं लागते. ताई, मी खाली बसायची तयारी ठेवली आहे, डबा घेऊनच जातो.

---

पानवेल

आणि मूळ पान?

---

बोडीकाठचा

पाटाखाली. आईनं पाट मागितला जेवायले बसाले, दिला नाही.